आईसाठी ट्राउट

मासे पकडायला जाणं हा माझ्या मते वेळ घालवण्याचा सगळ्यात रिकामटेकडा प्रकार आहे. दुसऱ्याने तळ्यात आणून सोडलेला मासा आपण भाड्याचा गळ टाकून पकडायचा आणि मोठा पराक्रम केल्यासारखे दात काढून फोटो काढून घ्यायचा. तोच मासा खालच्या वेट मार्केटमध्ये, म्हणजे मासळीबाजारात, साफ करून, तुकडे करून मिळतो. हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. तरीसुद्धा सिंगापुरात सेंगकांगला राहत असताना जवळजवळ दर शनिवारी मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीचं बोट धरून अशाच एका तळ्यावर जात होतो.

कारण तिच्या आईने तिला तसं कबूल केलं होतं. माझी बायको भंडाऱ्याकडची. तलावांचा मुलूख तो. घरामागेच तलाव, आणि भावांच्या बरोबरीने ही काठावर गळ टाकून बसायची. सिंगापूरला आल्यावर तिला इथल्या मॉलचं, एमआरटी मेट्रोचं कशाचंच फारसं कौतुक वाटलं नाही. पण एकदा बसमधून जाताना मासे पकडायच्या तळ्याची पाटी दिसली, तर बाई चालत्या बसमध्ये उठून उभी राहिली.

"हिला पाचवं लागू द्या, मग मी हिला गळ टाकायला शिकवते," ती म्हणाली. "तुम्ही यायचं नाही. तुम्ही तिथं पण लेक्चर देत बसाल."

मुलीला पाचवं लागलं आणि त्याच पावसाळी दिवसांत बायकोला डेंग्यू झाला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मी हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून प्लेटलेट्सचे आकडे वाचत राहिलो. मी इंजिनिअर माणूस, आकडे वर जातील असा माझा विश्वास होता. ते गेले नाहीत. ती गेली.

त्या दिवसांत मुलगी शेजारच्या फ्लॅटमध्ये होती. तिथे पुण्याचं एक जोडपं राहायचं. नवरा कंपनीच्या कामासाठी सतत फिरतीवर, त्यामुळे घरात बहुतेक वेळ वहिनी एकट्याच. मुलगी त्यांना मावशी म्हणायची. मी सगळं उरकून दाहिनीवरून परत आलो तेव्हा वहिनींनी दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलंय तिला. आई देवाघरी गेली म्हणून. तुम्हाला सांगणं जड गेलं असतं."

माझं डोकं सणकलं. आम्ही नागपूरचे बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत नेऊन सोडले होते, आणि ती गोष्ट आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. आमच्याकडे देव नाही, देवघर नाही. शेल्फवर बुद्धाची मूर्ती, पुढे मेणबत्ती, रविवारी वंदना. आमच्यात माणूस गेला तर तो देवाघरी गेला असं कोणी म्हणत नाही. पण ज्या बाईने चार दिवस माझ्या मुलीला जेवू घातलं, वेणी घातली, कुशीत घेऊन झोपवलं, तिच्यावर दारात उभं राहून ओरडणार कसा? मी मुलीला उचलून घेतलं. घरी आल्यावर मुलीला समोर बसवलं आणि म्हटलं, "आई गेली. ती आता परत येणार नाही."

"आय नो," ती म्हणाली. "मावशीने सांगितलं."

रडली नाही. प्रश्न विचारला नाही. कॉलिंग कार्डावरून मी नागपूरला माझ्या आईला फोन केला तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आपली पोट्टी फार समजूतदार आहे, खरं सांगितलं तर मुलांना सगळं कळतं.

तिला काहीच कळलेलं नव्हतं. आई कुठे आहे ते ठाऊक आहे, अशी तिची खात्री होती, एवढंच. 'देवाघरी' हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. आमच्या घरात तो नव्हताच. 'देवघर' मात्र ऐकला होता, आणि तिच्या माहितीत अख्ख्या जगात देवघर एकच होतं, मावशीच्या हॉलमधलं. भिंतीला लावलेलं लाकडी, कळस असलेलं, पुढे दोन छोटी दारं आणि दारांना पितळी कड्या. आई तिथे गेली होती. ती परत येणार नाही हेही ठीक होतं, कारण तिथे आपल्याला जाता येत होतं. हे मला कळायला कितीतरी महिने गेले, आणि कळलं ते मासे पकडण्याच्या त्या रिकामटेकड्या उद्योगामुळे.

किंडरगार्टन सुटलं की ती वहिनींकडे असायची, मी ऑफिसातून येईपर्यंत. वहिनी सकाळी पूजा झाली की देवघराची दारं लावून घ्यायच्या. लेकराने हात लावू नये म्हणून तिला सांगून ठेवलं होतं, की देव झोपलेत, दार उघडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. ती ते तंतोतंत पाळायची. दप्तर ठेवायची, हातपाय धुवायची आणि बंद दारांसमोर मांडी घालून कुजबुजत बसायची.

"अहो, किती गोड बोलते देवाशी!" वहिनी एकदा मला कौतुकाने म्हणाल्या. "तास तास बसते."

"वहिनी, आमच्याकडे हे नसतं," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

"मी काही शिकवलं नाही हो. आपणहून बसते. आणि पोरकं लेकरू देवाजवळ बसलं तर तुमचं काय बिघडतं?"

पोरकं हा शब्द मला चावला. मी जिवंत होतो ना! पण संध्याकाळी सात वाजता दमून येणारा, भात करपवणारा, वेणी घालताना केस ओढणारा बाप जिवंत असून किती पुरतो, हेही मला दिसत होतं. त्या शनिवारी मी तिला म्हटलं, चल, आपण मासे पकडायला जाऊ. बायकोचा शब्द पाळायचा होता हे खरं. पोरीला त्या देवघरासमोरून उठवायचं होतं, हेही तितकंच खरं.

तळं म्हणजे सिमेंटचे दोन मोठे हौद. एक मोठ्यांसाठी खोल, एक लहानांसाठी कमरेएवढा. वर पत्र्याचं छप्पर, कडेला प्लॅस्टिकची स्टुलं, आणि हवेत कोळंबीच्या आमिषाचा वास. चालवणारा एक चिनी अंकल होता, बनियनवर असायचा, दिवसभर रेडिओ ऐकायचा.

माझ्या मुलीच्या शाळेत एक चित्रांचं पुस्तक होतं. त्यात थंड देशातला बाप, थंड देशातली मुलगी आणि झऱ्यातला ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट. त्यामुळे मासा म्हणजे ट्राउट हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पहिल्याच दिवशी तिने अंकलला विचारलं, "अंकल, ट्राउट गॉट ऑर नॉट?"

"ट्राउट व्हेअर गॉट!" तो म्हणाला. "सिंगापूर सो हॉट. तिलापिया लाह. सेम सेम, ऑल्सो फिश."

तिला ते पटलं. त्यानंतर त्या हौदातल्या प्रत्येक तिलापियाला ती ट्राउटच म्हणत राहिली.

मला गळाला आमिष लावता येत नव्हतं. दोर गुंतायचा, हूक बोटात घुसायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, हे सगळं बायकोला येत होतं. इथे या स्टुलावर ती बसली असती, पाय पसरून, ओढणी कमरेला खोचून, आणि आम्हा दोघांनाही चूप बसा म्हणाली असती. आयुष्यात कोणावर चिडलो नसेन तेवढा त्या दिवसांत मी तिच्यावर चिडायचो. मला न शिकवता गेली म्हणून.

पहिला मासा लागला तेव्हा दांडी एकदम वाकली, मुलगी किंचाळली, आणि मी मागे वळून मोठ्याने म्हणालो, "अगं, इकडे ये, बघ!" मागे कोणी नव्हतं. हाक तोंडातून निघून गेली होती. मला उभ्या जागी रडू फुटलं. एका हातात दांडी, दुसऱ्यात जाळी, आणि मी रडतोय. अंकलने रेडिओचा आवाज कमी केला.

मुलीने माझी पँट ओढली. "आई नॉट हिअर लाह, बाबा," ती अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली. "आई घरी आहे."

मला वाटलं, ती घरातल्या फोटोबद्दल बोलते आहे. किती शहाणी म्हणून मी तिला जवळ घेतलं.

पकडलेला मासा आम्ही परत सोडायचो. दर रविवारी पंचशील म्हणणारा बाप, आणि त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्या करू नये हे. घरी मी मासे चापून खातो हा भाग वेगळा. तिने मला त्यावर एकदा पकडलंही. "मार्केटवाला मारतो तर चालतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, तू मोठी झालीस की सांगतो. ती सोडताना माशाला नीट बघायची, किती मोठा, कोणत्या रंगाचा, आणि तोंडातल्या तोंडात पाठ केल्यासारखं काहीतरी म्हणायची. सोमवारी ते सगळं कुठे जाऊन सांगायचं असतं, हे मला कुठे ठाऊक होतं!

पण तिचं देवघरासमोर बसणं काही कमी झालं नाही. उलट शनिवारी तळ्यावरून निघायची घाई तिलाच व्हायची. वहिनींशी माझं बोलणं कामापुरतं उरलं होतं. त्यांना वाटे मी कोरडा आहे, मला वाटे त्या माझी मुलगी पळवताहेत.

मग एका शनिवारी तिने एकटीने मासा काढला. मी दांडीला हातसुद्धा लावला नाही. तळहातापेक्षा थोडा मोठा तिलापिया, पोटाकडे जरा लालसर. मी नेहमीप्रमाणे सोडायला गेलो तर तिने माझा हात धरला.

"नो. हा आईसाठी."

"आईसाठी?"

"आईला दाखवायचा. मी एकटीने पकडला ना."

मी मासा जाळीतच ठेवला. म्हटलं, ठीक आहे, फोटोसमोर ठेवू, मग बादलीत, आणि उद्या परत आणून सोडू. अंकलने दोन पिशव्या एकात एक घालून पाणी भरलं, मासा आत टाकला आणि वर रबर बांधलं. बसमध्ये ती पिशवी पोटाशी धरून बसली होती. पाणी हललं की मासा वळायचा, आणि ती त्याला सांगायची, वेट हां, वेट. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा इतका आनंदी मी पाहिला नव्हता. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आम्ही दोघं यातून निभावून जाऊ.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर ती आमच्या दारावरून पुढे गेली आणि तिने वहिनींची बेल दाबली.

"अगं, तिकडे नको," मी म्हटलं. "मावशीकडे मासे चालत नाहीत. आपल्या घरी चल."

"बट आईला दाखवायचाय."

वहिनींनी दार उघडलं. त्यांची नजर पिशवीवर गेली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. कांदालसणाचेही दिवस पाळणारी बाई ती. "अहो, हे काय आणलंत?" त्या म्हणाल्या, तोवर मुलगी त्यांच्या हाताखालून आत शिरली होती. त्या घाईतही तिने चपला दाराशी काढल्या. ती सरळ देवघरासमोर गेली, मांडी घालून बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि जी दारं तिने आजवर कधी उघडली नव्हती, त्यांच्या कड्या ओढल्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "ऊठ ना. बघ, ट्राउट."

आत बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती, एक छोटी घंटा, शंख, सकाळचं सुकलेलं जास्वंदाचं फूल. तिने आधी नुसतं पाहिलं. मग मान आत घालून पाहिलं. मग बाळकृष्ण उचलून बाजूला ठेवला, अन्नपूर्णा उचलली आणि मागच्या फळीवर हात फिरवला.

"आई कुठाय?" तिने वहिनींना विचारलं. "तू म्हणालीस आई देवघरी गेली."

मला सगळं एकदम कळलं. तिचं न रडणं, 'आय नो', आई घरी आहे, कुजबुज, सगळंच. वहिनी भिंतीला टेकल्या. "मी देवाघरी म्हटलं होतं हो," त्या पुटपुटल्या. "देवाच्या घरी. आणि ही इथे बसून आई, आई म्हणायची, मला वाटायचं देवीला म्हणते. आम्ही देवीला आईच म्हणतो ना."

वहिनींचं काही चुकलं नव्हतं. मराठीतल्या एका काना-मात्रेवर एवढं मोठं घर उभं राहील, हे कोणाच्या मनात येणार? मी ज्या वस्तूसमोर जन्मात बसलो नव्हतो, त्या देवघरासमोर जाऊन मुलीजवळ खाली बसलो. तिच्या मांडीवरची पिशवी काढून घेतली. वहिनींनी ती माझ्या हातातून घेतली, आतून बादली आणली आणि स्वतःच्या हाताने मासा तीत सोडला. दुसऱ्या दिवशी मी तो तळ्यावर नेऊन पोचवला.

"आई इथे नाही, बेटा," मी म्हटलं. "कधीच नव्हती. आई मेली."

"अहो!" वहिनी ओरडल्या. "लेकराशी असं बोलतात का?"

आपल्या भाषेत मरणाला किती मऊ शब्द आहेत. गेली, वारली, राहिली नाही, निवर्तली. यातला एकही शब्द त्या क्षणी माझ्या कामाचा नव्हता. यातला कोणताही वापरला असता तरी माझ्या मुलीने आईसाठी कुठेतरी जागा शोधून काढली असती.

"मेली म्हणजे तिचं शरीर बंद पडलं," मी म्हटलं. "श्वास थांबला. मग आपण ते जाळलं. ती आता कुठेही नाही. ना इथे, ना घरी, ना हॉस्पिटलात."

"नोव्हेअर?"

"नोव्हेअर."

ती रडेल म्हणून मी हात पुढे केले होते. ती रडली नाही. कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली. इतके महिने तिच्यात आणि आईच्यात जे बोलणं चालू होतं, ते आता तिला एकटीने पुन्हा आठवून बघायचं होतं. मी बरोबर केलं असं मी आजही म्हणतो. खोट्याच्या आधारावर मूल वाढवू नये. पण तिच्याकडे त्या दुपारपर्यंत आई होती आणि माझ्या तोंडच्या दोन शब्दांनंतर नव्हती, हे मला आजही सहन होत नाही.

"मग कोण ऐकत होतं?" तिने विचारलं.

"काय, बेटा?"

"मी रोज सांगायचे. स्कूलचं, तुझं, फिशचं, सगळं. कोण ऐकत होतं?"

कोणी नाही. हे उत्तर खरं होतं आणि माझ्या जिभेवर आलं होतं. पण मुलांशी खोटं बोलायचं नाही म्हणून जगाशी भांडणारा मी, मला ते खरं बोलवेना. मी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी पुढे आल्या आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. "मी ऐकत होते, बाळा," त्या म्हणाल्या. "मी तिथे ओट्याशी असायचे ना. रोजचं सगळं सगळं ऐकलंय मी."

मग तिचा ओठ पहिल्यांदा थरथरला.

"मी इतक्या हाका मारल्या," ती म्हणाली. "मग तू ओ का नाही दिलीस?"

वहिनींनी तोंडावर ओढणी दाबली. कोणी हाक मारली की लगेच ओ द्यायची, हे तिला तिच्या आईनेच शिकवलं होतं.